निवडणूक नसते तेव्हाची निवडणूक शाखा



तहसील कार्यालयात पुरवठा, संजय गांधी योजना, रेकॉर्ड रूम अशा पाट्यांच्या रांगेत आणखी एक पाटी असते, निवडणूक शाखेची. तिथं काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला लग्नाच्या पंगतीत हमखास विचारतात, "साहेब, निवडणूक येते पाच वर्षांनी. मधल्या काळात तुम्हाला काम तरी काय असतं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन शब्दांचं आहे: मतदार यादी. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जी भांडणं होतात, त्यातली बरीचशी या यादीवरून होतात, आणि त्या दिवशी ती मिटवायला फार उशीर झालेला असतो.

आधी कोण काय करतं ते सांगतो. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 मतदारसंघ आहेत. प्रत्येकाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, ग्रामीण भागात बहुधा प्रांतसाहेब. तहसीलदार त्यांचे सहायक. यादीत नाव घालायचं की वगळायचं, हा निर्णय कायद्यानं या अधिकाऱ्यांचा. शाखेतला नायब तहसीलदार, अव्वल कारकून, महसूल सहायक आणि डेटा एन्ट्री ऑपरेटर त्या निर्णयापर्यंतचं सगळं काम करतात. आणि प्रत्यक्ष दारोदार फिरतो तो बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. एका केंद्राला एक. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे एक लाख मतदान केंद्रं होती, त्यावरून या फौजेचा आकार लक्षात येईल. यात कुणी प्राथमिक शिक्षक असतो, कुणी अंगणवाडी सेविका. शाळा सुटल्यावर, रविवारी, आपलं मूळ काम सांभाळून ही माणसं तुमच्या दाराची कडी वाजवतात.

यादीत दोन तऱ्हेच्या चुका होऊ शकतात. ज्याचं नाव असायला हवं त्याचं नसतं. आणि ज्याचं नसायला हवं त्याचं असतं. सोपं वाटतं, पण गंमत अशी की एक चूक टाळायला जावं तर दुसरी वाढते. नावं भराभर वगळली, तर जिवंत, हक्काची माणसं गळतात. वगळणं अवघड केलं, तर गेलेली माणसं यादीत राहतात. आमच्या शाखेतला प्रत्येक नियम, प्रत्येक फॉर्म या दोहोंच्या मधून वाट काढत असतो.

पहिली चूक किती मोठी होऊ शकते, याचा दाखला पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आहे. 1951-52 ची ती निवडणूक. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. देशात सुमारे 17 कोटी मतदारांची यादी झाली. पण यादी करणारे दारात गेले, तेव्हा कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून आलं. अशा नोंदी ग्राह्य धरायच्या नाहीत, असं सेन यांनी ठरवलं, आणि जवळजवळ 28 लाख स्त्रियांची नावं वगळली गेली. निर्णय कठोर होता. पण मतदार म्हणजे स्वतःचं नाव असलेली एक व्यक्ती, कुणाची तरी कुणी नव्हे, हे त्यानं कायमचं ठरून गेलं. पुढच्या निवडणुकांत बायकांनी आपली नावं सांगितली.

आता आजचे फॉर्म. तीनच लक्षात ठेवा. नवं नाव नोंदवायला फॉर्म 6. एखाद्या नावावर हरकत घ्यायला किंवा नाव वगळायला फॉर्म 7. आणि पत्ता बदलला, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, घरात दिव्यांग मतदार आहे, तर फॉर्म 8. पूर्वी 1 जानेवारीला 18 वर्षं पूर्ण हवीत, अशी एकच तारीख होती. 2022 पासून अशा चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. नोकरीसाठी परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांसाठी फॉर्म 6अ आहे. नोंद पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर होते, मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन इथं यावं लागतं.

फॉर्म 6 आणि 8 यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, ती लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत. सासरी आल्यावर घरचे हौसेनं नवा फॉर्म 6 भरून देतात. माहेरचं नाव तसंच राहतं. एका बाईची दोन ठिकाणी नोंद होते, आणि ते बेकायदा आहे. खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. तिनं फॉर्म 8 भरला, की माहेरची नोंद निघून सासरी येते. पुण्या-मुंबईला भाड्याची घरं बदलणाऱ्यांनाही हेच लागू.

नाव कुठं असावं, यासाठी कायद्याची कसोटी आहे 'सामान्यतः रहिवासी' असण्याची. गावात घर आहे, सातबारा नावावर आहे, एवढ्यानं भागत नाही, राहणं महत्त्वाचं. उलट, तात्पुरतं बाहेर गेल्यानं हक्क जात नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. बीएलओ गेला तेव्हा दाराला कुलूप होतं, म्हणून त्यांचं नाव काढता येत नाही. आणि ज्याला घरच नाही, त्याचं काय? पुलाखाली झोपणारा माणूसही मतदार होऊ शकतो. त्यासाठी बीएलओनं रात्री, एकाहून जास्त वेळा, जाऊन तो तिथंच झोपतो याची खात्री करायची असते.

आता दुसऱ्या चुकीकडे येऊ. "अहो, आमचे आजोबा जाऊन चार वर्षं झाली, त्यांचं नाव अजून यादीत! तुम्ही करता काय?" हा राग आम्ही नेहमी ऐकतो. कारकुनानं उठून नाव खोडावं, असं लोकांना वाटतं. पण तसा अधिकार त्याला नाही, आणि नाही तेच बरं. मृत्यूची खातरजमा करावी लागते. माणूस गाव सोडून गेला असं कळलं, तर त्याला नोटीस देऊन बाजू मांडायची संधी द्यावी लागते. फॉर्म 7 कुणी दिला, म्हणून तेवढ्यावर नाव जात नाही. नाहीतर भाऊबंदकीत आणि गावच्या राजकारणात एकमेकांची नावं काढायची स्पर्धा लागेल. आलेल्या अर्जांची यादी लावली जाते, हरकतीला सात दिवस असतात, मग निर्णय. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

कायदा वगळण्याच्या बाबतीत इतका हात राखून का वागतो, याचं कारण मतदानाच्या दिवशी कळतं. मृताचं नाव चुकून राहिलं, तर त्या नावावर कुणी मत देऊ नये म्हणून अडसर आहेत. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. ओळखपत्र आहे, फोटो आहे, सही आहे, बोटावरची शाई आहे, उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले आहेत. दोन रुपये भरून एखाद्या मतदाराच्या ओळखीला आव्हानही देता येतं. तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत देऊन टाकलं, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. पण तुमचं नावच यादीत नसेल, तर यातलं काही कामाचं नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली, की यादीत बदल होत नाही. ना केंद्राध्यक्ष करू शकत, ना तहसीलदार, ना जिल्हाधिकारी. राहिलेलं नाव अडवता येतं. गेलेलं नाव त्या दिवशी परत आणता येत नाही.

यात एक गुंता स्थानिक निवडणुकांचा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याची वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला उचलायची आणि प्रभागवार फोडायची. 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्या टप्प्यावर चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव हलवता येतं, पण नवं नाव घालता येत नाही. प्रारूप यादीच्या वेळी अर्ज घेऊन येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, ते यामुळे.

निवडणूक लागली, की शाखेचा कारखाना होतो. कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं, कोणतं यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार याची उमेदवारांसमोर संगणकावर होणारी सरमिसळ, 85 वर्षांवरच्या मतदारांचे घरून मतदानाचे अर्ज, पहाटे प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप मतदान. हे सगळं टीव्हीवर दिसतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. दिसत नाही ती यादी, आणि ती आम्ही एकटे नीट ठेवू शकत नाही.

घरात कुणी गेलं, की मृत्यूचा दाखला निघतो. त्याच्या झेरॉक्स वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जातात, बँकेत जातात, विम्याला जातात. आणखी एक झेरॉक्स काढा आणि फॉर्म 7 ला जोडून बीएलओकडे द्या. सून घरात आली, की फॉर्म 8. मुलगी सतरा वर्षांची झाली, की फॉर्म 6. बीएलओ कोण हे माहीत नसेल, तर 1950 या क्रमांकावर फोन करा. आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का, हे निवडणुकीची कुठलीही घोषणा झालेली नसताना, म्हणजे याच आठवड्यात, पाहून घ्या. आज चूक सापडली, तर ती दुरुस्त करणं आमच्या हातात आहे.