हा हमिंगबर्ड नाही, पतंग आहे!

उन्हाळा लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे आपल्या नगरकडून, एक व्हिडिओ हमखास येतो. अंगणातल्या घाणेरीवर किंवा सदाफुलीवर काहीतरी घोंगावतंय, फुलावर न बसताच मध पितंय. आणि खाली प्रश्न, "हमिंगबर्ड आहे का हो?"

नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडचा फुलांवरचा छोटा पक्षी म्हणजे शिंजीर, पण त्याला चोच असते. व्हिडिओ थांबवून बघा. चोचीच्या जागी लांब सोंड दिसतेय? डोक्यावर दोन मिशा? पंख काचेसारखे आरपार? मग तो पतंग आहे. हॉक मॉथच्या कुळातला, शास्त्रीय नाव सेफोनोडेस हायलास. लिनियसनं 1771 साली त्याचं वर्णन केलं.

पतंग म्हटलं की आपल्याला रात्रीचा दिवा आठवतो. हा मात्र भर दिवसा उडतो. अंग हिरवट, पोटावर गडद पट्टा, शेपटीला केसांचा झुपका. पंख पसरले की साधारण पाच ते सात सेंटीमीटर. आणि गंमत ऐका. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात. पहिल्याच भरारीत ते झडतात आणि पंख पारदर्शक होतात.

आता मुद्द्याचं. हाच पतंग अंडी घालतो अनंताच्या झाडावर. डोंगराकडं गेळाच्या झाडावरही. दोन्ही कॉफीच्या कुळातली झाडं. अळी असते हिरवीगार, मागच्या टोकाला शिंग. ते शिंग बघून माणसं घाबरतात, पण त्यानं डंख होत नाही. पानं कुरतडलेली दिसली की आपण लगेच फवारणी करतो. म्हणजे पतंगाचं शूटिंग करायचं आणि त्याच्याच पिल्लांना मारायचं, असं होतं बघा!

चांगलं वाढलेलं अनंताचं झाड चार-दोन अळ्या सहज सोसतं, पुन्हा पालवतं. रोप अगदीच लहान असेल तर अळी हातानं उचलून मोठ्या अनंतावर सोडा. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका, कोष तिथंच असतो. आणि फोटो काढलात तर तारीख, गाव आणि फुलाचं नाव लिहून ठेवा. नुसत्या फोटोपेक्षा अशी नोंद जास्त कामाची.

तुमच्या अनंतावर अळी दिसली तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.