आम्ही नक्की काय काम करतो?
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



सोलापुरात आलो की वडीलधारी मंडळी विचारतात, "तुमचं काम म्हणजे मोबाइल दुरुस्तीच ना?" तसे नव्हे. मोबाइलमधल्या रेडिओच्या चिपचा आराखडा आम्ही ठरवतो.

मोबाइल हाही एक रेडिओच. एका वॅटचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी लहर टॉवरकडून आली तरी त्याला ती ऐकावी लागते. त्यात उष्णतेमुळे चिपची स्वतःची खरखर असतेच. पहिल्याच अ‍ॅम्प्लिफायरने खरखर वाढवली तर पुढे ती आवाजाबरोबरच मोठी होते, मग काही इलाज नाही. कोणत्या भागाला किती खरखर माफ, किती बॅटरी द्यायची, याची वाटणी करणे हे सिनिअर माणसाचे काम. आपल्या आयाबाया विड्यांच्या पगारात महिना बसवतात ना, अगदी तसेच. आणि भांडणेही तशीच होतात!

मागावर धागा तुटला तर गाठ मारून चादर पुढे नेता येते. चिपला गाठ मारता येत नाही. आराखडा कारखान्यात गेला की चिप हाती यायला काही महिने लागतात, आणि चूक निघाली तर पुन्हा सगळा खर्च. म्हणून आमचे निम्मे दिवस पडताळणीतच जातात.

कारखाने बहुतेक तैवानसारख्या देशांत आहेत, पण आराखड्याचे काम इथे जुने आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला 1985 मध्येच केंद्र काढले. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. तिथे आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण, की पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवावा लागतो. मुलांना एकदा दाखवून आणा.

आता थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. या कामाला नुसती बी.ई. बऱ्याचदा पुरत नाही, एम.टेक. लागते. आणि नेमके तिथेच आपण मुलीला म्हणतो, "झालं तेवढं पुरे, आता स्थळं बघू." गेट परीक्षेतून सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतन मिळते, हे कित्येक घरांना ठाऊकच नसते. तिला ती दोन वर्षे द्या.

उद्या सकाळी आम्ही इथेच आहोत. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी गणिताची वही घेऊन यावे. सोबत आई आली तरी चालेल.