मुक्काम पोस्ट जग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण नागपूरकर भोसल्यांच्या ओडिशातील अमलाचा इतिहास ऐकला, नाट्यसंगीतावरचे सप्रयोग व्याख्यान ऐकले, आणि गेल्या आठवड्यात तर मधुमेहाचीही झाडाझडती झाली. त्या मानाने माझा विषय चिमुकला आहे. मोजूनच सांगायचे तर साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब. देशोदेशींच्या, ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करण्याचा छंद मी गेली चौदा वर्षे जोपासीत आहे. त्याविषयी बोलावे असा चिटणीसांचा आग्रह पडला, तो मला मोडवला नाही.

पोस्टकार्डाचा जन्म १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला. तेथील सैनिकी अकादमीत अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एमान्युएल हेरमान यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लेख लिहिला होता. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, लखोटा आणि पूर्ण टपालहशील खर्ची घालणे हा निव्वळ अपव्यय आहे, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. त्याआधी चार वर्षे, १८६५ साली, जर्मनीत हाइनरिश फॉन स्टेफान यांनी हीच कल्पना मांडली होती. परंतु तेव्हा ती मान्य झाली नाही. या स्टेफानसाहेबांनी पुढे जे केले ते मात्र माझ्या मते कार्डाच्या शोधाहूनही मोठे. त्यांच्याच पुढाकाराने १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ९ ऑक्टोबरला करार झाला. तोपर्यंत परदेशी पत्र पाठवायचे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राज्याचा दर निराळा आणि प्रत्येकाशी करार निराळा. बर्नच्या कराराने ठरविले की टपालापुरते सर्व सभासद देश मिळून एकच प्रदेश मानावा. पाठविणाऱ्याने आपल्या देशाचे तिकीट लावावे, आणि पुढच्या देशाने ते पत्र आपलेच समजून दारापर्यंत न्यावे. आपण चिलीला कार्ड पाठवितो तेव्हा तेथला टपालवाला आपल्याकडून एक पैही न घेता ते पोचवितो, हे त्या कराराचे देणे आहे. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी या संघात आला. १ जुलै १८७९ रोजी आपल्याकडे पाव आण्याचे कार्ड निघाले आणि त्याबरोबर परदेशासाठी दीड आण्याचे. म्हणजे पुण्याहून परदेशी कार्ड धाडण्याची सोय ‘केसरी’ निघण्यापूर्वीची आहे!

चित्रकार्डे थोडी नंतरची. सुरुवातीस एका बाजूस केवळ पत्ता लिहिण्याचीच परवानगी असे, म्हणून मजकूर चित्राच्या कडेकपारीत कोंबावा लागे. १९०२ साली इंग्लंडने पत्त्याच्या बाजूवर उभी रेघ मारून डावी अर्धी जागा मजकुराला मोकळी केली, आणि मागोमाग इतर देशांनीही केली. त्याच सुमारास मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे चित्रकार म. वि. धुरंधर यांनी मुंबईतील नाना जातीजमातींच्या स्त्रीपुरुषांची जी मिस्कील चित्रे कार्डांसाठी काढली, ती आज संग्राहक जिवापाड जपतात. लोणावळ्याजवळच्या मळवलीला असलेल्या रविवर्मा प्रेसनेही चित्रकार्डे छापली. कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांच्या हातची माणसे विलायतेतल्या कोणा आजीच्या पेटीत शंभर वर्षे पडून राहिली, याची मला नेहमीच मौज वाटते.

आता देवाणघेवाणीकडे वळते. ज्यांचे शालेय जीवन १९७० ते १९९० च्या दरम्यान गेले त्यांना ‘पत्रमैत्री’ हा शब्द आठवत असेल. फिनलंडमधील तुर्कू या गावच्या एका संस्थेकडून छापील चिठ्ठी येई आणि तीवर आपल्याच वयाच्या परदेशी मुलाचे नाव व पत्ता असे. काही मंडळी रेडिओच्या लघुलहरींवर मॉस्को, टोकियो अशी केंद्रे ऐकत, ‘तुमचा आवाज अमुक वेळी इतका स्पष्ट आला’ असे कळवीत, आणि उत्तरादाखल केंद्राकडून चित्रकार्ड मिळवीत. ते दिवस सरले. पुढे १४ जुलै २००५ रोजी पाउलो मागल्याइंश या पोर्तुगीज तरुणाने ‘पोस्टक्रॉसिंग’ नावाची योजना सुरू केली, आणि आजवर तिच्यातून सहा कोटींहून अधिक कार्डे घरोघर पोचली आहेत. नाव नोंदवावे, की जगातला कोणता तरी एक पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. कार्डावर तो क्रमांक घालून पाठवावे. ते पोचल्याची नोंद पलीकडच्या माणसाने केली की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाला दिला जातो. शेजारणीकडे पाठविलेली वाटी रिकामी परत येत नाही, ही आपली रीत. येथेही वाटी भरूनच येते, फक्त ती आळीतल्या भलत्याच घरून येते. कोठून येईल हे आधी ठाऊक नसते, आणि सारी गंमत त्यातच आहे.

या पत्त्यावरून आपल्यातल्याच एका माणसाचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. आपल्या देशात सारख्या नावाची गावे उदंड, लिप्या अनेक, आणि परदेशी माणसाचे स्पेलिंग तर रामभरोसे. यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. हे गृहस्थ दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतात काव्यही रचीत. पुण्यामुंबईच्या आप्तांचा पिन ४ ने सुरू होतो आणि आपला ७ ने. पहिला आकडा पाहूनच थैली पूर्वेकडे वळते. एका ब्राझिली बाईंनी माझ्या गावाचे नाव असे काही लिहिले होते की मलाच ते ओळखू येईना. ते कार्ड सहा आकड्यांच्या बळावर अकराव्या दिवशी घरी आले.

या छंदात सर्वांत अवघड काम कोणते, असे मला पुष्कळजण विचारतात. त्यांना वाटते, पैसे किंवा पत्ते. अवघड असते ते कार्ड निवडणे. पलीकडच्या माणसाची बहुधा एकच विनंती असते: ‘तुमच्या गावचे चित्र पाठवा आणि तुमच्याविषयी दोन ओळी लिहा.’ आता माझे गाव कोणते? मी वाईची; १९८१ साली लग्न होऊन येथे आले. माझी मुले येथली. कोणार्कचे चाक पाठवू की प्रतापगड? सुरुवातीची दोन वर्षे मी सुट्टीत वाईला गेले की मेणवलीच्या घाटाची, पाचगणीची कार्डे गठ्ठ्याने आणी आणि तीच पाठवी. एकदा बेल्जियमच्या एका आजोबांनी कळविले, ‘चित्र सुंदर आहे, पण तिकिटावरचा शिक्का निराळ्याच गावचा दिसतो, तुम्ही राहता तरी कोठे?’ नकाशा समोर ठेवून त्यांनी दोन्ही गावे शोधली होती. आठ ओळींच्या जागेत या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याचा मी तीन दिवस विचार करीत होते. तेव्हापासून मी चित्र येथले पाठविते आणि मजकुरात वाईचा उल्लेख करते. रघुराजपूरच्या चितारी मंडळींनी रंगविलेली पट्टचित्रांची कार्डे तर परदेशात फारच नावाजली जातात.

हीच कसोटी आपल्या मुलांची लागते, आणि मला खरे बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी. गेली सहा वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी याच सभागृहात दहाबारा मुले माझ्याबरोबर कार्डे लिहायला बसतात. आपली मुले मराठी बोलतात, उत्तम बोलतात. पण लिहीत नाहीत. आजीला निरोप द्यायचा तर फोन आहे. शाळेत मराठी नाही. वर्षातून एकदा गणेशोत्सवाच्या निबंधस्पर्धेत जे काय लिहितील तेवढेच, आणि त्यातही आईचा हात किती असतो हे परीक्षकांना पुरते ठाऊक आहे. किती तरी परदेशी मंडळी आपल्या विनंतीत लिहितात, ‘एक ओळ तुमच्या भाषेत, तुमच्या लिपीत लिहा.’ आपण घरच्यांनी शंभरदा सांगून जे झाले नाही, ते तैवानमधल्या एका अनोळखी बाईंच्या या ओळीने झाले. मुले वहीत आधी कच्चे लिहून पाहू लागली. ‘ऱ्ह’ कसा काढायचा, हे एका मुलीने आपण होऊन विचारले.

त्याच मुलीची गोष्ट. एक ओळ मराठीत हवी म्हणून तिने आजोबांच्या जुन्या पत्रांत पाहून ‘कळावे, लोभ असावा’ असे लिहिले. तैवानच्या बाईंनी यंत्राकडून त्याचे भाषांतर करून घेतले. निघाले असे काही की ‘जाणून घ्या, हाव असू द्या’! बाईंनी गोंधळून विचारणा केली. मुलीलाही अर्थ सांगता येईना. ती आजोबांकडे गेली. मग त्या घरात संध्याकाळभर आजोबा, आई आणि मुलगी अशा तिघांत चर्चा रंगली, की ज्या शब्दाचा अर्थ हाव असाही होतो तोच आपण माया करण्याची विनंती म्हणून का वापरतो? शेवटी मुलीने दुसरे कार्ड पाठविले: ‘आमच्याकडे थोरांकडे प्रेम मागायचे असते, आणि ते थोडे जास्तच मागायचे असते.’ यापेक्षा नेटका खुलासा मला तरी सुचला नसता.

आणखी एका मुलाने फिनलंडला लिहिले, ‘मी घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळताना ओडिया.’ उत्तर तुर्कूहून आले. लिहिणारे शिक्षक होते. त्यांनी कळविले की त्यांची मातृभाषा स्वीडिश आहे. फिनलंडमध्ये अशी माणसे शेकडा पाचच्या आसपास, तरीही दोन्ही भाषांना राजमान्यता आहे. त्यांच्या गावाला फिनिशमध्ये तुर्कू म्हणतात आणि स्वीडिशमध्ये ओबो, आणि पत्त्यावर कोणतेही नाव घातले तरी पत्र पोचते. पुढच्या वेळी मुलाने मुद्दाम ‘ओबो’ असे घातले. पोचले! त्या दिवसापासून हा मुलगा आपल्या ओडिया मित्रांसमोर आईशी मराठीत बोलायला लाजत नाही, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे. याचे सारे श्रेय कार्डाला द्यावे की नाही, ते मी सांगू शकत नाही. वयही वाढते आहे.

संग्रहाविषयी थोडे. पुष्कळ संग्राहकांना कोरी कार्डे हवी असतात. शाईचा डाग त्यांना खपत नाही. त्यांच्याशी माझे जमत नाही. आपल्या आईवडिलांच्या वेळचे कार्ड आठवा: वर ‘श्री’, खाली ‘सा. न. वि. वि.’, कडेने आडवे लिहिलेले ‘ता. क.’, आणि कोपरा फाडलेले कार्ड दिसले की न वाचताच घरात पडणारी शांतता. ते कार्ड कोरे असते तर कोणी जपून ठेवले असते? माझ्या संग्रहात कार्डांची पाठ पुढे असते. ती गोंदाने चिकटवू नयेत. पारदर्शक कप्प्यांच्या वहीत ठेवावीत आणि पावसाळा संपला की एकदा वारा द्यावा.

हरवतातही. मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात मी चिलीला एक कार्ड टाकले. वर गुढीचे चित्र काढले होते. २३ मार्चला आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. कार्ड गेले असे धरून चालले होते. ते पोचल्याचे कळले तेव्हा आपल्याकडे आकाशकंदील लागले होते. आता तर काही देशांत टपालच आवरते घेत आहेत. डेन्मार्कमध्ये १६२४ साली सुरू झालेल्या सरकारी टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रे पोचविण्याचे काम सोडले आणि ते खाजगी कंपनीकडे गेले. तिकडच्या एका पत्रमैत्रिणीने गल्लीतली लाल पेटी काढून नेल्यावर उरलेल्या रिकाम्या चौकोनाचे छायाचित्र मला पाठविले आहे, अर्थात कार्डावरच छापून.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी पुढील रविवारी दहा वाजता यावे. कार्ड ९ बाय १४ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२ बाय २३.५ पेक्षा मोठे नसावे. बॉलपेन आणावे; शाईचे पेन आपल्या पावसात टिकत नाही. देशाचे नाव तळाशी ठळक इंग्रजी अक्षरांत लिहावे. तिकिटे मी आणून ठेवली आहेत. टपालकचेरीत मात्र आपण स्वतः जावे आणि शिक्का खिडकीतच ठसठशीत मारून घ्यावा, तेथील कर्मचारी आता आपल्या मुलांना नावाने ओळखतात. आजवर आलेल्या कार्डांपैकी निवडक दोनशे शेजारच्या खोलीत मांडली आहेत. ती उलटून वाचण्यास हरकत नाही. फक्त चहाचा कप बाहेर ठेवून जावे.