साथ आणि साथसंगत



मराठीत 'साथ' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी योजला जातो. गावात रोग पसरला की साथ आली असे म्हणतात. आणि गवयाच्या बाजूला तबलजी, पेटीवाला व तंबोरेवाले बसले की तेही साथच करीत असतात. २०२० आणि २०२१ या वर्षांत पहिल्या साथीने दुसरीला गप्प बसविले. आरोग्ययंत्रणेने त्या काळात काय केले, यावर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. परंतु घराघरांत कोंडलेल्या माणसापर्यंत प्रत्यक्ष गाणे नेता येते काय, न्यावे काय, आणि न्यायचेच तर कसे, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. पुण्याच्या नारायण पेठेच्या आधाराने तो करता येण्याजोगा आहे.

ही पेठ पेशवाईत वसली आणि नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली गेली. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला शनिवार व सदाशिव पेठा. मोदी गणपती, पत्र्या मारुती, छापखाने, पुस्तकांची दुकाने आणि केसरीवाडा हे तिचे ओळखीचे चेहरे. बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतला, तोच आजचा केसरीवाडा. मानाच्या गणपतींपैकी पाचवा तेथे बसतो. पेठेतील जुन्या वाड्यांची बांधणी बहुधा एकाच धाटणीची होती : दिंडी दरवाजा, मध्ये मोकळा चौक, भोवती ओसरी व सोपे, वर माडी आणि तिच्यात दिवाणखाना. यांतील बरेच वाडे पडून तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चौक व दिवाणखाना ही जोडी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

युरोपात ज्याला 'चेंबर म्युझिक' म्हणतात, म्हणजे घरातील दालनात मोजक्या वादकांनी थोड्या श्रोत्यांसमोर वाजवायचे संगीत, त्याचे आपल्याकडील सर्वांत जवळचे रूप म्हणजे बैठक. पंचवीस-तीस माणसे, पसरलेली सतरंजी, लोडाला टेकलेले दोन-तीन वडीलधारे, दोन तंबोरे, तबला आणि पेटी. ध्वनिक्षेपकाची गरज नाही. गवयाला श्रोत्याची मान डोललेली दिसते. श्रोत्याला गवयाचा श्वास ऐकू येतो. 'वा' म्हटले की पुढची तान वेगळी येते. बैठकीचे सारे वैभव या जवळिकीत आहे, आणि साथीच्या काळात तिचा सारा धोकाही तेथेच असतो.

पुण्याला साथीचा अनुभव नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात शिरला. रँड यांच्या अधिपत्याखालील समितीने लष्कराकरवी घरझडत्या घेतल्या आणि त्या जुलमाचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च रोजी निधन झाले. शेकडो कुटुंबे वाडे सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिली. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, त्यामुळे दाटीचे घर हेच त्या वेळी भयस्थान ठरले होते. कोरोना पसरला तो श्वासातून, आणि माणसांना घरात बसविले गेले. हे दोन्ही उपाय वरवर परस्परविरुद्ध दिसतात. पण मोकळी हवा बंद खोलीपेक्षा सुरक्षित, ही गोष्ट दोन्ही वेळी खरी होती. १८९७ चा साथरोग अधिनियम राज्य शासनाने १३ मार्च २०२० रोजी लागू केला, तेव्हा कायदा तोच होता, रोगाची वाट मात्र निराळी होती.

मधला एक अनुभव विसरता कामा नये. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. पेठेला लागून असलेल्या रमणबाग शाळेच्या प्रांगणात त्या काळी सवाई गंधर्व महोत्सव भरत असे. सवाई गंधर्वांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९५३ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव २००९ च्या डिसेंबरात होऊ शकला नाही. तो जानेवारी २०१० मध्ये पार पडला. महिनाभराच्या लांबणीवर निभावले.

२०२० मध्ये तसे निभावले नाही. ९ मार्चला राज्यातील पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आषाढी वारीच्या पादुका ३० जूनला एस.टी. बसने, मोजक्या वीस जणांसह पंढरपुरास गेल्या. गणेशोत्सवात विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही; मानाच्या गणपतींचे विसर्जन मांडवातच झाले. नाट्यगृहांना ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने अनुमती मिळाली, पुढील एप्रिलात ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. सवाई गंधर्व महोत्सवाची दोन वर्षे रिकामी गेली. अडुसष्टावा महोत्सव भरला तो थेट डिसेंबर २०२२ मध्ये, मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात.

मोठ्या महोत्सवाची निदान वार्ता होते. पेठेतील छोट्या बैठका थांबल्या, त्यांची नोंद कोठेच नाही. नामवंत गायकाला शिल्लक असते, शिष्य असतात. महिन्याला चार-सहा बैठकांत साथ करून आणि दोन-चार शिकवण्या करून घर चालविणाऱ्या तबलजीची स्थिती वेगळी. मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडविणाऱ्या कारागिरांकडील मागणी आटली, कारण जेथे बैठक नाही तेथे नव्या वाद्याची गरज कोणाला पडणार? (या मिरजी सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब होय.) राज्य शासनाने २०२१ मध्ये कलावंतांना प्रत्येकी पाच हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य जाहीर केले. ते आवश्यकच होते, परंतु हाताला काम मिळणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि कलावंताला तिचेच मोल अधिक वाटते.

श्रोत्यांचेही तसेच. या पेठेत मुले परगावी किंवा परदेशी असलेली वृद्ध जोडपी घरोघर आहेत. भाजी-औषधे आणून देणारी माणसे निघाली. परंतु रोज संध्याकाळी कोठेतरी गाण्याला, कीर्तनाला वा व्याख्यानाला जाण्याची पन्नास वर्षांची सवय एका दिवसात तुटली, तिची भरपाई कोणी करावयाची?

दूरध्वनीच्या पडद्यावरून ती भरपाई झाली, असे पुष्कळांचे मत आहे. पडद्यावरील गाण्याने त्या दिवसांत धीर दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बैठक पडद्यावर होत नाही, याला केवळ भावना नव्हे तर गणितही कारण आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गवयापासून हातभर अंतरावरील तबलजीला स्वर तत्क्षणीच मिळतो. आंतरजालावरून तोच स्वर पोचण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा सहज लागतो, कित्येकदा अधिक. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते; म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा वाटेतच हरवते. मग दोघांची सम एके ठिकाणी यावी कशी? म्हणूनच दोन घरांत बसलेल्या गायक-वादकांना एकत्र मैफल करणे साधले नाही, आणि पडद्यावर ऐकू आले ते बहुधा एकाच खोलीतील किंवा मागाहून जुळविलेले संगीत होते.

दुसरीकडे, धोका काल्पनिक होता असेही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम बंद सभागृहात झाली. हजर ६१ जणांपैकी ५३ जणांना लागण झाली अथवा झाल्याचे मानले गेले, आणि दोघे दगावले. गाताना, विशेषतः मोठ्या आवाजात गाताना, श्वासातील सूक्ष्म कण अधिक बाहेर पडतात, हे पुढील प्रयोगांत दिसून आले. हळू आवाजात गाणे आणि हळू आवाजात बोलणे यांत तितका फरक नसतो. फरक पाडतो तो आवाजाचा जोर. दिवाणखान्यातील बैठक बंद ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, हे यावरून स्पष्ट व्हावे. प्रश्न एवढाच की दिवाणखाना बंद झाला म्हणून चौकही बंद व्हावा काय?

या प्रश्नाची उत्तरे इतर देशांत निरनिराळी शोधली गेली. बार्सिलोनाच्या लिसेऊ नाट्यगृहात २२ जून २०२० रोजी चार तंतुवादकांनी पुच्चीनीची एक रचना वाजविली आणि समोरच्या २,२९२ आसनांवर माणसांऐवजी झाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. हा प्रकार प्रथमदर्शनी थट्टेचा वाटेल; मागाहून त्या कुंड्या आरोग्यसेवकांना भेट दिल्या गेल्या, हे समजल्यावर मात्र थट्टा ओसरते. जर्मनीत स्टुटगार्टच्या वादकांनी त्याहून साधी वाट काढली. एक वादक, एक श्रोता, मध्ये दोन मीटर अंतर, दहा मिनिटे वादन, एकही शब्द नाही. श्रोत्याने स्वेच्छेने द्यावयाची देणगी गरजू संगीतकारांच्या निधीत जात असे. न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ऑगस्ट २०२० पासून छोट्या मालमोटारीवर एक गायक व तिघे तंतुवादक बसवून वस्त्यावस्त्यांतून फेरी काढली. गर्दी जमू नये म्हणून जागा आधी जाहीर करीत नसत.

हे ऐकून मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. पहाटे चिपळ्या वाजवीत आळीतून जाणारा वासुदेव दुसरे काय करीत होता? तो कोणाच्या घरात शिरत नाही, कोणाला एकत्र जमवीत नाही, आणि तरी प्रत्येक दाराशी त्याचे गाणे पोचते. एका जागी बसलेल्या श्रोत्याकडे चालत जाणारे संगीत ही आपल्या लोकजीवनाची जुनी रीत आहे. वाड्याच्या चौकाचेही तसेच. मध्ये तुळशीवृंदावनाशेजारी दोघे-तिघे वादक बसले आणि प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या ओसरीवर किंवा माडीच्या कठड्याशी राहिले, तर माथ्यावर आकाश असते आणि घरांमधील अंतर बांधणीतच राखलेले असते. जेथे वाडा उरला नाही तेथे इमारतीची गच्ची वा वाहनतळाचे अंगण, आणि सज्ज्यांतील माणसे. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी हेच सज्जे थाळ्या-घंटांनी दुमदुमले होते. म्हणजे सज्जात उभे राहून ऐकणे-ऐकविणे लोकांस जमते, याचा पुरावा सर्वांसमोर आहे; फक्त त्या दिवशी वाजली ती थाळी.

येथे एका आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे, कारण तो जबाबदार माणसांकडून येतो. शेजारी मृत्यू झाला असता घरातला रेडिओही बंद ठेवण्याची आपली रीत आहे. रुग्णवाहिका आळीतून जात असताना चौकात यमन गावा काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ज्या इमारतीत त्या आठवड्यात कोणी गेले असेल, तेथे बैठक करू नये. घरच्या माणसांना विचारल्यावाचून तर मुळीच नाही. परंतु दुःखाच्या घरी दहाव्या-बाराव्या दिवशी भजन म्हणवून घेणाराही हाच समाज आहे. गाणे हा केवळ उत्सव, ही समजूतच अपुरी आहे. कोणते गाणे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या संमतीने, हे ठरविण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या आयोजकाला नसून त्या आळीला असावा.

ग्रामीण भागात हे काम अधिक सुलभ आहे. शाळेचे पटांगण, देवळापुढील पार, ग्रामपंचायतीचे आवार या जागा उघड्याच असतात. पुढे कधी अशी वेळ आली तर पंचायतीने ठराव करून आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने दिवस निवडावा. बाहेरचा मोठा गवई शोधण्यापेक्षा गावातील भजनी मंडळाचा पखवाजिया, पेटी वाजविणारे गुरुजी, तालुक्याच्या ठिकाणचा सतारिया यांच्याकडे प्रथम पाहावे. आरंभी सतार, व्हायोलिन, संतूर, तबला अशी हातांनी वाजणारी वाद्ये घ्यावीत. बासरी, सनई यांत श्वास लागतो, म्हणून ती मोकळ्यावर व दूर अंतरानेच. गाणे असेल तर एक लहान ध्वनिक्षेपक लावावा, तो श्रोत्यांना मोठ्याने ऐकू यावे म्हणून नव्हे, तर गाणाऱ्याला आवाज चढवावा लागू नये म्हणून. तीन तासांची एक मैफल करण्यापेक्षा चाळीस मिनिटांच्या दोन, दोन निराळ्या आळ्यांसाठी कराव्यात. मध्यंतर आणि चहा वगळावा. माणसे घोळका करतात ती तेव्हाच. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या खिडकीखाली थांबून एखादी धून वाजविण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि अशा खिडक्या कोणत्या हे आशाताईंना नेमके ठाऊक असते.

शिक्षकांचे काम बैठकीपूर्वीचे आहे. तंबोऱ्याच्या चार तारा कोणत्या स्वरांत लावतात, सम म्हणजे काय, एवढे आठवडाभर आधी मुलांना सांगितले तर सज्जात उभे राहिलेले मूल चाळीस मिनिटे सहज ऐकते. मानधनाचे पैसे साथीदारांच्या हाती बैठकीपूर्वीच पोचते करावेत. गायकाकडे एकत्र रक्कम देऊन वाटणी त्याच्यावर सोडू नये. आणि तंबोरे अर्धा तास आधी चौकात आणून ठेवावेत, कारण बंद खोलीतून एकदम मोकळ्या हवेत काढलेल्या तारा सूर धरीत नाहीत, आणि चाळीस मिनिटांतील दहा त्या लावण्यातच जातात.