बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. तरीही गतवर्षीची एक घटना आपणांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

कर्करोगामुळे मूत्राशय काढावे लागले, की लहान आतड्याच्या तुकड्यातून पोटावर लघवीची वाट करतात, अथवा आतड्याचीच पिशवी शिवून नवे मूत्राशय घडवितात. पहिली पद्धत अमेरिकेतील डॉ. ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केली. परंतु आतडे आपला धर्म सोडीत नाही. ते चिकट स्राव सोडीतच राहते. त्यात जंतुसंसर्ग झाला, लघवी साचली वा पाणी कमी पडले, की खडे धरतात. शिवाय आतडे लघवीतील आम्ल घटक रक्तात शोषून घेते. त्यामुळे हाडांतील कॅल्शियम लघवीत उतरते आणि खड्यांना अटकाव करणारे सायट्रेट घटते. हे सारे घडण्यास कित्येकदा वर्षे लागतात, आणि वेदना होतीलच असेही नाही.

आमच्याकडे निर्धन रुग्ण निधीतून अशी शस्त्रक्रिया झालेले एक शेतकरी सात वर्षांनी तापाने फणफणत आले. पिशवीत खडे होते, एक मूत्रपिंड सुजले होते. खडे दुर्बिणीने निघाले; मूत्रपिंडाची गेलेली शक्ती मात्र परत आली नाही. "मध्यंतरी का आला नाहीत?" असे विचारता ते म्हणाले, "साहेब, बरं वाटत होतं. आणि तपासणीला पैसे कुठले?"

मी त्यांची फाइल काढली. शस्त्रक्रियेनंतर तीवर 'प्रकरण पूर्ण' असा शेरा होता. सवलत केवळ दाखल असेपर्यंतच, हा नियम माझ्याच हातचा होता. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च आपण केला आणि वार्षिक सोनोग्राफीचा लहान खर्च वाचविला. हिशेबनीसाच्या दृष्टीनेही हा तोट्याचाच व्यवहार.

तो नियम आता रद्द झाला आहे. अशा प्रत्येक रुग्णास पाठपुरावा कार्ड दिले जाईल. गरजूंना वार्षिक सोनोग्राफी, रक्ततपासणी व प्रवासखर्च मिळेल. देणगीदारांनी या कायमस्वरूपी खर्चास हातभार लावावा, ही नम्र विनंती.

आप्तजनांना एवढेच सांगणे : डॉक्टरांच्या सल्ल्याने भरपूर पाणी द्यावे, पिशवी ठरल्या वेळी पूर्ण रिकामी करवावी, शिकविल्याप्रमाणे धुवावी, ताप आल्यास थांबू नये. आणि काहीही होत नसले, तरी वर्षातून एकदा जरूर यावे.