दोरी सैल कधी सोडायची?

आजचा भाग घोड्यांवर आहे, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

मागच्या वर्षी मी रविवारी घोडेस्वारी शिकायला जायचो. स्वारी राहिली बाजूला, पहिलं काम मिळालं ते राणी नावाच्या घोडीला दोरी धरून तबेल्यातून मैदानात न्यायचं. जेमतेम 50 पावलं. पण राणी जागची हलेना. मी ओढलं, तिनंही ओढलं. माझा तळहात सोलून निघाला.

मोतद्दार काका लांबून बघत होते. म्हणाले, "दादा, ओढताय कशाला? दोरीला नुसता ताण द्या. तिनं पाय उचलला की लगेच सोडा."

मी ताण धरला. राणीनं अंग जरासं पुढे झुकवलं, पण मला ते कळलंच नाही. ताण तसाच राहिला. मग तिनं जोरात मान झटकली आणि मी घाबरून दोरी सोडली. काका हसले. "झालं! मान झटकली की सुटका होते, हे शिकवलंत तुम्ही तिला."

मानसशास्त्रात याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात. नाव ऐकून शिक्षा वाटते, पण तसं नाही. नको असलेली गोष्ट काढून घेतली, की त्या क्षणी जे केलं ते प्राणी पुन्हा करतो. म्हणजे घोडा ओढण्यातून शिकत नाही, सोडण्यातून शिकतो. आणि दोन सेकंद उशीर झाला, तर भलतंच शिकतो.

आता मोठं उदाहरण. कॅलिफोर्नियाचे माँटी रॉबर्ट्स न मारता घोडा तयार करण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाले. 1989 मध्ये राणी एलिझाबेथनं त्यांना विंडसरला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. त्यांची पद्धत अशी: गोल रिंगणात घोड्याला आपल्यापासून लांब पळवायचं. त्याचा एक कान आपल्याकडे वळला, मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हलू लागलं, की आपण नजर काढून पाठ फिरवायची. घोडा आपणहून मागे येतो. बघणाऱ्याला वाटतं, विश्वास बसला!

पण सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी रिंगणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी सोडली. घोडा गाडीकडे वळला की गाडी थांबायची. घोडे गाडीच्याही जवळ जायला शिकले. आता खेळण्यावर कुणाचा विश्वास बसेल का?

हे वाचून मी जरा हिरमुसलो होतो. आणि दुसरी एक गोष्ट त्याहून टोचली. 1967 मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी त्रास थांबत नाही, हे कळलेले बरेचसे कुत्रे पुढे सुटायची वाट असूनही पडून राहिले. तबेल्यातला एक घोडा मला फार आवडायचा. किती शांत, काहीही करा, हलत नाही! आता वाटतं, तो शांत होता की त्यानं सांगायचंच सोडून दिलं होतं? आम्ही कोड लिहिणारे हे जाणतो: एरर दिसत नाही म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतोय असं नव्हे.

मग विश्वास म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. घोड्यानं "नको" म्हटलेलं आपल्याला दिसतं, आणि त्यानं ऐकलं की आपण दर वेळी सोडतो, हे त्याला माहीत असणं. राणीबरोबर मला ते जमायला सहा रविवार लागले. ती मान झटकायची सवय मीच लावली होती ना!

माथेरानला घोड्यावर बसणार असाल, तर आधी एक मिनिट द्या. अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं जा. हात पुढे करून थांबा. त्यानं मान फिरवली, तर हात मागे घ्या. बघा काय करतो, आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!