गाडीचा अनोळखी आवाज

सुरगाण्याला आगगाडी नाहीं. संस्थान १९४८ सालीं विलीन होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें, तरी नाशिकची वाट आजही डोंगरांतूनच जाते. म्हणून जुनी जीप घुरघुरूं लागली कीं मालकाचा जीव खालीं-वर होतो. त्यांत दुखणें ओळखण्याआधींच कोणी ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ म्हणाला, तर हंगामाची कमाई गेलीच म्हणावयाची!

पैसा खर्चण्यापूर्वीं कान लावावा. उभ्या गाडींत इंजिनाची गति वाढवावी. आवाजही वाढला, तर दोष बहुधा इंजिनाकडे. गाडी चालतांनाच तो येत असेल, तर चाकें व शाफ्टचे सांधे पाहावे. न्यूट्रलमध्यें येणारा आवाज क्लच दाबतांच थांबला, तर मात्र गिअरबॉक्सवरचा संशय रास्त आहे.

मोकळ्या रस्त्यावर डावें वळण घेतांना घरघर वाढली, तर बहुधा उजव्या चाकाचें बेअरिंग बोलत असतें. कारण वळतांना भार बाहेरच्या चाकावर पडतो. बाकीच्या चाकांना दगड लावून तें चाक जॅकवर उचलावें आणि वर-खालीं धरून हलवावें. तें डुलत असेल, पण बेअरिंगला चरे नसतील, तर जुन्या जीपमध्यें नट बेतानें आवळून काम भागतें. खर्च काय तो ग्रीसचा.

ब्रेक दाबतांच लोखंडावर लोखंड घासल्यासारखें वाजलें, तर मात्र काटकसर बाजूला ठेवावी. लायनर बदलल्यावांचून त्या गाडींत माणसें बसवूं नयेत. घाट तर उतरूंच नये.